डाग, डागडुजी आणि डागडागिने

ठाण्याच्या कोपरीतून बोलते आहे.

आपल्या भाषेची गंमत बघा. लुगड्यावर पडतो तो डाग. तांब्याच्या हंड्याला भोक पडलं की सांधा देऊन ते बुजवतात, तोही डागच. घराची दुरुस्ती म्हणजे डागडुजी आणि अंगावर मिरवतो ते डागडागिने! माझ्या आजीच्या हंड्याला असा डाग होता. पाहुणे आले की ती डागाची बाजू भिंतीकडे करायची.

जपानमध्ये मात्र सांधा दाखवायची रीत आहे. तिला किंत्सुगी म्हणतात, म्हणजे सोन्याचा जोड. गोष्ट अशी सांगतात, की 15व्या शतकात आशिकागा योशिमासा या तिथल्या सत्ताधीशाचा चिनी वाडगा तडकला. तसाच दुसरा मिळावा म्हणून त्याने तो चीनला पाठवला. परत आला तोच वाडगा, धातूचे चाप मारून! आपल्या कारागिरांनी याहून देखणा सांधा शोधला, असं जपानी लोक सांगतात.

तो सांधा सोन्याचा दिसतो, पण तुकडे धरून ठेवतो तो उरुशी झाडाचा चीक. हे झाड आपल्या आंब्या-काजूच्या आणि बिब्ब्याच्या कुळातलं. बिब्ब्यासारखाच त्याचा कच्चा चीकही अंगावर उततो. तो दमट हवेत हळूहळू घट्ट होतो, त्याला कित्येक आठवडे लागतात. सोन्याची पूड शेवटी. घाई केली तर जोड सुटतो.

आपल्याकडेही असं शहाणपण आहे. पेशवाईत कोकणातून पुण्याला आलेले तांबट कसबा पेठेत वसले, तीच तांबट आळी. ते भांड्यावर हातोडीने मठारकाम करतात. त्या ठोक्यांनी तांबं कणखर होतं. ठोक्यांच्या खुणा कुणी पुसत नाही, तीच भांड्याची शोभा.

आमच्या गटातल्या एका ताईचे हप्ते थकले. घरातलं काम सुटलेलं, सांगायची लाज. ती बैठकीला येईनाशी झाली. नाव कमी करा, असं काहीजणी म्हणाल्या. एक मावशी बोलली, "अडचणीतलीला टाकायचं, तर गट काढला कशाला?" मग आम्ही ताईच्या घरी गेलो. हप्ते लहान केले. थकबाकी खोडली नाही, लपवलीही नाही. ठराव वहीत लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या. सव्वा वर्षात कर्ज फिटलं. आता नवीन गट आला की ती ताईच ते पान उघडून दाखवते.

एक मात्र लक्षात ठेवा. सांधायचं म्हणजे मुकाट सोसायचं नव्हे. फोडणारा हात आधी थांबला पाहिजे. तो थांबत नसेल तर सोन्याचा सांधाही टिकत नाही.

आजीचा हंडा आता माझ्याकडे आहे. डागाची बाजू मी दाराकडे ठेवली आहे.