सपाट भिंगाला पदार्थ कोणता?

बहिर्गोल भिंगाची काच मध्ये जाड व कडेला पातळ असते. जाड भागात प्रकाशाला अधिक उशीर होतो, पातळ भागात कमी. म्हणून सारे तरंग एका बिंदूशी जुळून येतात. हाच उशीर सपाट पृष्ठभागावर घडवायचा तर तरंगलांबीहून कमी अंतरावर, सारख्या उंचीचे पण कमीजास्त जाडीचे खांब उभारता येतात. जाड खांबात प्रकाश अधिक रेंगाळतो.

पण खांब कशाचे करायचे?

१९९८ मध्ये फ्रान्समध्ये फिलिप लालान व सहकाऱ्यांनी असे खांब टायटॅनियम डायऑक्साइडचे केले. पांढऱ्या रंगात वापरतात तोच हा पदार्थ. तांबड्या लेसर प्रकाशासाठी त्यांची जाळी नेहमीच्या जाळीहून सरस ठरली. मात्र या विषयाकडे अनेकांचे लक्ष वेधले ते २०११ मध्ये. हार्वर्ड विद्यापीठात फेडेरिको कपासो यांच्या गटाने सिलिकॉनवर सोन्याच्या सूक्ष्म पट्ट्या बसवून अवरक्त किरण वळवले. पण धातूतील मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाश शोषतात आणि त्याची उष्णता होते. शिवाय थोडाच प्रकाश हव्या त्या दिशेला जाई.

मग काच घ्यावी का? ढोबळ हिशोब करू. एका पूर्ण तरंगाइतका उशीर हवा, तर वक्रीभवनांकातून १ वजा करून त्याला उंचीने गुणले असता तरंगलांबी यायला हवी. काचेचा वक्रीभवनांक १.५, म्हणजे उंची तरंगलांबीच्या दुप्पट. इतके उंच, सडपातळ खांब घडवणे अवघड. सिलिकॉनचा वक्रीभवनांक सुमारे ३.५, पण ते अवरक्त किरणांना पारदर्शक असले तरी दृश्य प्रकाश शोषते. ही निसर्गाची अडचणच आहे : इलेक्ट्रॉन जितके सैल बांधलेले, तितका वक्रीभवनांक साधारणपणे मोठा, पण तेच इलेक्ट्रॉन प्रकाश सहज गिळतात.

टायटॅनियम डायऑक्साइड या दोहोंच्या मधले. वक्रीभवनांक सुमारे २.४, आणि दृश्य प्रकाशाला पारदर्शक. त्याला तरंगलांबीच्या पाऊणपटीहून कमी उंची पुरावी. प्रत्यक्षात थोडी अधिक लागते.

२०१६ मध्ये कपासो यांचा गट याच पदार्थाकडे वळला. त्यांनी खांब कोरले नाहीत. आधी साचा केला, त्यात अणूंचे थर एकावर एक चढवून तो भरला, मग साचा काढून टाकला. ६०० नॅनोमीटर उंचीचे, सरळ भिंतींचे खांब उभे राहिले. ४०५ नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशाला भिंगाची कार्यक्षमता ८६ टक्के होती, तर ६६० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाला ६६ टक्के.

पदार्थ १९९८ मध्येच हाती होता. त्याला असा आकार देण्याची रीत यायला अठरा वर्षे लागली. वर्गात वक्रीभवनांकाचा तक्ता शिकवताना आपण म्हणूनच आणखी दोन प्रश्न विचारावेत : हा पदार्थ कोणता प्रकाश गिळतो, आणि तो घडवता कसा येतो?