मधले राज्य पुसल्यावर

औरंगजेबाच्या दख्खन मोहिमेची कारणे सांगताना आपण बहुधा त्याच्या हट्टापासून सुरुवात करतो. बंडखोर शाहजादा अकबर संभाजीराजांच्या आश्रयाला आला, हे निमित्त होतेच. मला मात्र या युद्धाचे बीज १६३६च्या तहात दिसते. तेव्हा औरंगजेबाला अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते.

मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेली खडकी, म्हणजे आमचे हे शहर, निजामशाहीत होती. मुघल आणि आदिलशाही यांच्यामध्ये हे राज्य भिंतीसारखे उभे होते. १६३३ मध्ये महाबतखानाने दौलताबाद घेतले. शहाजीराजांनी एका बालराजाला गादीवर बसवून राज्य तगवले, पण १६३६ मध्ये शाहजहान स्वतः दौलताबादेस आला आणि विजापूरशी तह करून निजामशाही वाटून घेतली. पुणे, चाकण, उत्तर कोकण विजापूरच्या वाट्याला गेले. विजापूरचा हात जिथे नीट पोहोचत नव्हता, त्या डोंगराळ मुलखातच पुढे स्वराज्य उभे राहिले!

मधले राज्य गेले की दोन सत्ता समोरासमोर येतात. जर्मनी आणि रशिया यांनी १९३९ मध्ये पोलंड वाटून घेतला. १९४१ मध्ये त्यांचेच युद्ध जुंपले. इथे तेवढी घाई झाली नाही, इतकेच. दख्खनचा सुभेदार असताना औरंगजेबाने १६५७ मध्ये बीदर, कल्याणी घेतली. विजापूरही घेणार, तोच शाहजहानच्या हुकमाने त्याला थांबावे लागले. १६८२ मध्ये तो बादशहा म्हणून औरंगाबादेत परतला, तेव्हा थांबवणारे कोणी उरले नव्हते.

१६८६ मध्ये विजापूर पडले, १६८७ मध्ये गोवळकोंडा. माझ्या मते युद्ध हाताबाहेर गेले ते या विजयांमुळे. दोन दरबारांचे सैनिक बेकार झाले, त्यांतले अनेक मराठ्यांना मिळाले. आणि राखायची सीमा थेट तमिळ मुलखापर्यंत लांबली. १६८९ मध्ये संभाजीराजांची हत्या झाली, तरी राजाराम महाराज जिंजीला पोहोचले. तो किल्ला घ्यायला मुघलांना १६९८ उजाडले, आणि महाराज तोवर निसटलेही होते. संताजी-धनाजी रसद तोडत राहिले, नंतर ताराबाईंनी लढा चालवला. १७०२ पासून दुष्काळ आणि रोगराईने जे मेले, त्यांची नावे कोणत्याच बखरीत नाहीत.

१७०७ मध्ये बादशहा अहमदनगरला वारला. कबर खुलताबादेत आहे, शहरापासून तासाभराच्या आत. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. त्या सहांत औरंगाबादचा सुभाही होता.