चुनी कोणाची?

धारेच्या वेळी गाईपुढे आपण आंबोण ठेवतो. त्यात तुरीची चुनी असते आणि ती आपण पोत्याने विकत आणतो. आज या चुनीचा इतिहास बघू.

कडधान्य आणि गुरं यांची सोबत जुनी आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून उत्खनन केलं. सुमारे ३००० वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत गुराढोरांची हाडं मिळाली, तसे जळालेले कुळथाचे दाणेही मिळाले. कुळीथ म्हणजे आपला हुलगा. पुढे तो घोड्यांच्या चंदीत गेला, म्हणून इंग्रजीत त्याचं नावच घोड्याचा हरभरा अशा अर्थाचं पडलं. नांगरटीच्या दिवसांत हुलगे शिजवून बैलांना घालत. त्याच हुलग्याचं माडगं घरची माणसं पीत. कच्च्यापेक्षा शिजवलेला दाणा पचायला सोपा, हे बायांना चुलीपाशीच कळलेलं होतं.

तुरीचंही तसंच. आमच्या आज्या तूर भिजवून, वाळवून जात्यावर भरडायच्या. सुपात पाखडलं की डाळ डब्यात जायची. तुकडे, कळणा आणि टरफल दावणीला. त्या चुनीला कुणी पैसे मोजले नाहीत, म्हणून त्या मेहनतीची किंमतही कुणी मांडली नाही.

मग डाळमिल आली. हाताचे घट्टे गेले, हे चांगलंच झालं. पण तूर अख्खी बाजारात जाऊ लागली आणि तिच्याबरोबर चुनीही गेली. १०० किलो तुरीची साधारण ७० ते ७५ किलो डाळ होते. उरलेल्यात बरीचशी चुनी आणि टरफल असतं. म्हणजे आपल्याच शेतातली चुनी आपण पुन्हा दुकानातून आणतो.

जातं परत आणा, असं आम्ही म्हणत नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने गावात चालेल अशी मिनी डाळमिल तयार केली आहे. गटाला ती झेपेल का, याचा हिशेब बैठकीत मांडू. तोवर एवढं करा. घरची तूर भरडायला दिली, की डाळीबरोबर चुनीही मोजून घ्या. ती कोरडी ठेवा. बुरशी दिसली तर गुरांना घालू नका.

आज्यांनी चुनी वाया जाऊ दिली नाही. आपणही तिचा हिशेब सोडायचा नाही.