‘जीप’, ‘सीट’ आणि इंधनदर : अंबाजोगाई परिसरातील मोठ्या वाहनांचा इतिहास

इंधन महागले म्हणजे ग्राहक लहान वाहनाकडे वळतो, असा सर्वसाधारण समज आहे. भारतातील अलीकडचा अनुभव मात्र याच्या उलट आहे. मे २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोलचा दर लिटरला १०० रुपयांपलीकडे गेला. तथापि २०२३-२४ या आर्थिक वर्षात देशात विकल्या गेलेल्या सुमारे ४२ लाख प्रवासी मोटारींपैकी सुमारे २५ लाख ‘युटिलिटी’ वर्गातील, म्हणजे उंच बांधणीच्या होत्या. या विसंगतीचे कारण बहुधा शहरी हौसेत शोधले जाते. प्रस्तुत लेखात ते अंबाजोगाईसारख्या रेल्वे नसलेल्या गावाच्या वाहतुकीत आणि त्या वाहतुकीतून घडलेल्या शब्दांत शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

अंबाजोगाई, अर्थात निजामी राजवटीतील मोमिनाबाद, हे हैदराबाद संस्थानातील छावणीचे ठाणे. संस्थानात सरकारी बसवाहतूक १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी सुरू झाली. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये येथील परिवहन सेवा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली. रेल्वे मात्र सुमारे २५ किलोमीटरवरील परळीलाच राहिली. एस.टी. मोठ्या रस्त्याने धावे; फाट्यापासून गावापर्यंतचे अंतर पायी किंवा बैलगाडीने तोडावे लागे. मोठ्या वाहनाची गरज प्रथम निर्माण झाली ती या अंतरात.

या अंतरात आलेले पहिले मोटारवाहन म्हणजे जीप; परंतु ती प्रवाशांसाठी आलेली नव्हती. माझगाव येथे १९४९ पासून जुळणी होऊ लागलेली विलीस जीप १९५२ च्या सामूहिक विकास योजनेबरोबर आणि १९६२ नंतर जिल्हा परिषदांबरोबर ग्रामीण भागात पोहोचली. ‘जीप आली’ याचा अर्थ ‘साहेब आले’ असाच होता. वाहनाचे नाव अधिकाराचे वाचक झाले.

यानंतर तेलाचे पहिले संकट आले. १९७३ च्या अखेरीस खनिज तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ३ डॉलरांवरून काही महिन्यांतच १२ डॉलरांच्या जवळ गेला. पेट्रोल पिणारी जीप परवडेनाशी झाली. त्यावर जो उपाय निघाला तो लक्षणीय आहे : जीपचा आकार कमी झाला नाही, तिच्यात डिझेल इंजिन बसले. डिझेलचे दर ऑक्टोबर २०१४ पर्यंत शासनाच्या नियंत्रणाखाली होते आणि पेट्रोलपेक्षा बरेच कमी होते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील ‘ट्रॅक्स’, १९९४ ची ‘सुमो’ आणि २००० ची ‘बोलेरो’ ही सारी वाहने या दरफरकाच्या आधारावर उभी राहिली.

येथून जीप साहेबाकडून प्रवाशाकडे आली. पश्चिम महाराष्ट्रात जिला ‘वडाप’ म्हणतात, तीच मराठवाड्यात रंगावरून ‘काळी-पिवळी’ झाली. तिच्या चालकाची परिभाषा अभ्यासनीय आहे. तो माणसे मोजत नाही, ‘सीट’ मोजतो. ऊसतोडीच्या व्यवहारात ‘कोयता’ हा शब्द जसा लक्षणेने नवरा-बायकोच्या जोडीचा वाचक होतो, तसाच येथे ‘सीट’ हा शब्द आसन सोडून प्रवाशाचा वाचक होतो. दोन्ही ठिकाणी हिशेबाचे एकक भाषेत स्थिर झाले आहे. लिटरला १२ किलोमीटर जाणारी जीप १० सीट घेऊन धावली, तर एका लिटरमध्ये १२० प्रवासी-किलोमीटर पदरात पडतात. लिटरला २० किलोमीटर जाणाऱ्या लहान मोटारीत मालक एकटा बसला, तर २० च. परळीची गाडी गाठणाऱ्या किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रुग्ण नेणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने मोठे वाहन हे इंधनाची उधळपट्टी नसून काटकसर होय.

परंतु विवेचन येथेच थांबवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २००२ नंतर ‘स्कॉर्पिओ’सारख्या गाड्यांनी जीपचा मूळ अर्थ, म्हणजे अधिकार, पुन्हा उचलला. नेता, कंत्राटदार, बागाईतदार यांच्या दारातील उंच गाडीच्या बाबतीत ‘सीट’ हा शब्द कोणी वापरत नाही. जेथे हा शब्द नाही तेथे माणशी हिशेबही नाही, आणि दरवाढीने मागणी फारशी हलत नाही. एकाच बांधणीच्या वाहनामागे अशा रीतीने दोन अर्थव्यवहार आहेत.

हा भेद शासनालाही अपरिचित नव्हता. २०१३ च्या अर्थसंकल्पात मोठ्या गाड्यांवरील उत्पादनशुल्क २७ वरून ३० टक्के झाले, तेव्हा टॅक्सी म्हणून नोंदलेली वाहने या वाढीतून वगळण्यात आली. तथापि खेड्यांतील पुष्कळशी जीप-वाहतूक परवान्याविना, खाजगी नोंदणीच्या गाड्यांतून चालत आली आहे. कायद्याच्या दृष्टीने ती ‘अवैध’. म्हणून सवलतीला ती पात्र ठरली नाही. प्रतिष्ठेवर बसवलेला कर अशा रीतीने गरजेवरही बसला. २०२१-२२ मधील एस.टी. कर्मचाऱ्यांच्या प्रदीर्घ संपात मात्र याच ‘अवैध’ गाड्यांवर खेड्यांची भिस्त होती.

सारांश, महागड्या इंधनाच्या काळात मोठ्या वाहनाला मागणी का, हा एक प्रश्न नसून दोन प्रश्न आहेत. हौसेची गाडी घेणारा दरवाढ आपल्या खिशातून सोसतो. सीट भरणारा चालक ती भाड्यात घालतो आणि शेवटी ती फाट्यावर उभ्या असलेल्या प्रवाशावर पडते. वाहनाची लांबी मोजणाऱ्या धोरणाला हा प्रवासी दिसत नाही. त्याची नोंद भाषेने मात्र केव्हाच करून ठेवली आहे.