नेम सुधारणारे हात आणि नागझिरा

१/ ब्रिटिश राजवटीत लष्करी .३०३ काडतूस नागरिकांना सहसा मिळत नसे. ते बंडखोरांच्या हाती पडेल, ही सरकारची धास्ती. म्हणून बीएसए कंपनीची .३१५ शिकारी रायफल आली. पुढे ती ईशापूरला बनू लागली.

२/ कारखान्याची रायफल अचूक असेलच असे नाही. पावसाळ्यात लाकडी दस्ता फुगतो, नळीवर दाब येतो, गोळी भरकटते. जाणकार दस्ता आतून घासून नळी मोकळी करीत, माशी जुळवीत.

३/ ही केवळ हौस नव्हती. नेम चुकला की जखमी वाघ रानात उरे.

४/ १९७० साली नागझिरा अभयारण्य झाले. १९७२ च्या कायद्याने वाघाची हौशी शिकार संपली. एकेकाळचे शिकारी व्यंकटेश माडगूळकर याच रानात बंदुकीविना राहिले आणि त्यांनी ‘नागझिरा’ लिहिले. नेम उरला, तो नजरेचा.