केबिनचा तळ

आमच्या हर्णै बंदरावरची मासळी आधी बायकांच्या डोक्यावरून गेली, मग एसटीच्या टपावरून. 1986 साली 407 बाजारात आली आणि पुढे लहान गाड्यांचे दिवस आले. बाबांनी जुनी पिकअप घेतली. पेट्यांतलं खारं पाणी चेसिसवर गळायचं, रबरी चटईखाली ओल तशीच राहायची. केबिनचा पत्रा खालून सडला. शेजारी बसणाऱ्या आईला भोकातून रस्ता दिसू नये म्हणून बाबांनी वर गोणपाट टाकलं.

नारळी पौर्णिमेनंतर हंगाम सुरू झाला आणि दार लागेना. मिस्त्रीकाकांनी गोणपाट उचललं. "तळ गेलाच, पण केबिन ज्यावर बसते ते माउंटपण खाल्लेत. वरून पत्रा मारला तर गंज झाकेल, थांबायचा नाय."

ऐन हंगामात चार दिवस गाडी उभी. काकांनी बॅटरीची वायर सोडली, दाराच्या चौकटीत आडवी पट्टी जोडली, केबिन जॅकवर तोलली. मगच सडका भाग कापला. एका वेळी एकच माउंट. चकचकीत लोखंड लागेस्तोवर घासलं, नवा पत्रा जोडला, रेड ऑक्साइड मारलं, नवे रबर बुश बसवले.

दार एका हाताने लागलं. आई चढली, पाय आपटून बघितला.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "दोन वर्षं पाय उचलूनच बसत होते."