‘स्प्रे’ : टाकून दिलेल्या नावेचा पुनर्जन्म (थ्रेड)

१/ इ.स. १८९२ च्या हिवाळ्यात बॉस्टनमध्ये एका जुन्या परिचित कप्तानाने जोशुआ स्लोकम यांना एक नाव देऊ केली. तिला ‘थोडी दुरुस्ती’ लागेल, एवढेच तो म्हणाला. फेअरहेवनला जाऊन पाहतात तो ‘स्प्रे’ समुद्रापासून दूर एका शेतात, टेकूंवर, कॅनव्हासखाली उभी. सात वर्षे ती तशीच पडून होती.

२/ स्लोकम यांची अवस्थाही फारशी निराळी नव्हती. १८४४ मध्ये नोव्हा स्कॉशियात जन्मलेल्या या दर्यावर्द्याने शिडाच्या मोठ्या जहाजांचे कप्तानपद भूषवले होते. १८८७ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्यांचे ‘ॲक्विडनेक’ जहाज बुडाले. दरम्यान वाफेच्या जहाजांनी शिडांचा व्यापार हिरावून घेतला होता. हातात विद्या होती. तिला गिऱ्हाईक नव्हते.

३/ गावकऱ्यांना वाटले, हा नाव मोडायला आला असावा. ती नव्याने बांधणार असल्याचे कळताच सर्वांचा एकच प्रश्न : हे परवडेल का? वर्षभर तो त्यांच्या कानांवर पडत राहिला.

४/ जवळच्याच ओकचे झाड तोडून तळाचा नवा कणा घडवला गेला. बरगड्यांची लाकडे वाफेवर मऊ करून वाकवली, त्यांवर पाइनच्या दीड इंची फळ्या ठोकल्या, सांधे कापसाने बुजवले. तेरा महिने आणि साहित्यापोटी ५५३ डॉलर ६२ सेंट खर्ची पडले.

५/ ही केवळ डागडुजी नव्हती. खोल समुद्रासाठी नावेच्या कडा मध्यभागी १२, पुढे १८ व मागे १४ इंचांनी उंचावल्या. लांबी होती अवघी ३६ फूट ९ इंच.

६/ मग ही नाव जुनी की नवी? एकेक लाकूड बदलत गेल्याने जुनी कोठे संपली, हे सांगता येत नव्हते. स्लोकम यांनी लॉइड्सच्या नियमाचा दाखला दिला : दुरुस्त होत होत जहाज पूर्णतः नवे झाले, तरी ते तेच जहाज.

७/ २४ एप्रिल १८९५ रोजी ते बॉस्टनहून एकटेच निघाले. सुधारणा वाटेतही चालूच होत्या. ब्युनॉस आयर्सला डोलकाठी सात फुटांनी आखूड केली. मॅगेलनच्या सामुद्रधुनीत मागील बाजूस आणखी एक लहान शीड चढवले.

८/ नाव इतकी समतोल साधली होती, की थर्सडे बेट ते कीलिंग बेटे या २३ दिवसांच्या, २,७०० मैलांच्या प्रवासात सुकाणू एकूण तीन तासांहून अधिक धरावे लागले नाही.

९/ २७ जून १८९८ रोजी न्यूपोर्टला नांगर पडला. सुमारे ४६,००० मैल कापून स्लोकम एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले दर्यावर्दी ठरले. पुढे काही वर्षांनी ते याच नावेतून पुन्हा एकटे निघाले आणि परतले नाहीत. ‘स्प्रे’ही सापडली नाही. मात्र तिच्या घाटावरून जगभर अनेक नावा बांधल्या गेल्या. फेअरहेवनच्या गावकऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नाचा हिशेब त्या नावांसह मांडावा लागतो.